ऐकूबाई आणि एक 'च'

आमच्या ताई कुणाचं म्हणून ऐकत नाहीत, आणि तरी कचेरीत त्यांना सगळे ऐकूबाई म्हणायचे. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एरवी मी त्यांना ताईच म्हणते, वाजलं की 'वन्सं'. घर एक आणि कामाची जागाही एकच, त्यामुळे दिवसातून दोन्ही नावांची पाळी येई. संगीताला वाहिलेलं एक मासिक निघायचं, त्याच्या कचेरीत त्या जाहिराती करायच्या आणि मी प्रुफं तपासायची. त्या लिहिणार आणि मी चुका काढणार. नणंद-भावजयीला याहून सोयीची नोकरी कुणी दिली नसती.

ऐकूबाई हे नाव कसं पडलं ते आधी सांगते. नव्या अल्बमची जाहिरात ही मोठी गमतीची गोष्ट असते. कॅसेट दुकानात येते त्याच महिन्याच्या अंकात ती झळकायला हवी, आणि अंक तर त्याच्या कितीतरी आधी छपाईला जातो. म्हणजे गाणी अजून गायकाच्या घशात असतात, आणि इकडे आम्ही ती 'अजरामर' म्हणून छापून मोकळे. कंपनीने एक फोटो आणि चार ओळी पाठवायच्या, जाहिरातवाल्यांनी त्या ओळींना तिखटमीठ लावून पान सजवायचं, अशी जगरहाटी. ताईंनीही सुरुवातीला तसंच केलं. मग एकदा 'दहा अवीट गाणी' असं मोठ्ठं छापलं आणि कॅसेट आली ती आठ गाण्यांची. वाचकांनी मासिकाला विचारलं, उरलेली दोन कुठे मिळतील? ताईंना ते फार लागलं. त्या दिवसापासून कुणीही पान घेऊन आलं की त्या हात पुढे करून म्हणायच्या, "आधी ऐकू दे." गाणी तयार नसतील तर कच्चं ध्वनिमुद्रण आणा, तेही नसेल तर गायकाला आणून इथे खुर्चीवर बसवा, पण ऐकल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही.

त्यांचं टेबल खिडकीशी होतं. ती खिडकी कधीच पूर्ण मिटायची नाही, म्हणून कागदांवर पट्टी, कात्री, डिंकाची बाटली, जे हाताला लागेल ते ठेवलेलं असे. मधोमध टेप रेकॉर्डर. त्याचं एक बटण तुटलेलं, तिथे पेन्सिलीचं मागचं टोक खुपसून तो चालू करायचा. कानाला हेडफोन लावून ताई बसल्या की खालून बंब आला असता तरी त्यांना कळलं नसतं.

आणि ऐकून झालं की शब्दांवरून जुंपायची. कंपन्यांना 'अजरामर' फार आवडतो. ताई म्हणायच्या, परवा मुद्रित झालेलं गाणं अजरामर कसं, आधी जरा म्हातारं तरी होऊ द्या. 'रसिकांच्या आग्रहास्तव' आलं की विचारायच्या, कुठले रसिक, मला भेटवा. 'बहुप्रतीक्षित' या शब्दावर तर त्यांचा दातच होता. घरीही तीच तऱ्हा. माझ्या नवऱ्याने ताटावर बसता बसता "वा, भाजी छान" म्हटलं की ह्या विचारणार, खाल्लीस का आधी? तो बिचारा घास तोंडात कोंबून मान हलवायचा. मी भाजी केलेली असायची, त्यामुळे त्या क्षणी त्या माझ्या ताई नसायच्या, वन्संच असायच्या.

असं सगळं आंबटगोड चाललं होतं, आणि मग त्या गायिकेचा नवा अल्बम आला.

तिला ओळखत नाही असा माणूस तेव्हा सापडला नसता. उंच, निर्मळ, काचेवर पाणी घसरावं तसा आवाज. मग तिच्या घशाचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली आणि ती दिसेनाशीच झाली. लोकांनी तर ती गेल्याचंही उठवलं. आता इतक्या वर्षांनी तिची नवी गाणी येणार म्हणून कंपनीने आमच्या अंकाचं शेवटचं पान घेतलं. शेवटचं पान म्हणजे मासिकाचा दर्शनी भागच, अंक पालथा टाकला तरी दिसणारा. ते घेऊन कंपनीचा जाहिरातवाला स्वतः आला. तो जिना चढायच्या आधी त्याचं अत्तर वर पोचायचं, म्हणून आम्ही त्याला अत्तरसाहेब म्हणायचो. त्याने दुखण्याआधीचा फोटो आणला होता, टवटवीत, आणि वर एकच मथळा: 'तोच आवाज!' खाली बारीक अक्षरांत 'तीच जादू'.

ताईंनी हात पुढे केला. कॅसेट नाही म्हणाला. मग म्हणाला, आहे, पण अजून शेवटचा हात फिरवायचाय. मग म्हणाला, अहो तुम्ही तिला काय आज ऐकताय का, सगळ्या जगाला पाठ आहे ती. ताईंनी फोटो त्याच्यासमोर सरकवला आणि कात्रीला धार लावत बसल्या. दुसऱ्या दिवशी कॅसेट आली.

त्या दिवशी मीही हातातली प्रुफं टाकून गेले, कारण तिच्या गाण्यांवर मी लहानाची मोठी झालेय. हेडफोन काढून टाकला, पेन्सिल खुपसली. पहिलं गाणं नुसत्या आवाजाने सुरू होत होतं, साथीला काही नाही. दोन ओळी झाल्या आणि ताईंनी टेप थांबवला. म्हणाल्या, ओढतोय. मलाही तेच वाटलं होतं. टेप ओढायला लागला की गाणाऱ्याचा आवाज जाड आणि घोगरा होतो, तसंच काहीसं ऐकू आलं. ताईंनी टेपचं हेड स्पिरिटने पुसलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग झाकण उघडलं, आतला रबरी पट्टा सैल पडलाय म्हणून नवा घातला. मी तोंडाने कंपनीला, विजेला आणि मासिकाच्या मालकांना शिव्या घालत होते. पट्टा बदलून पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. या वेळी थांबवायचं राहून गेलं, कारण ताईंचे हात तेलाने माखलेले होते, आणि तिसऱ्या ओळीनंतर वाद्यं आली.

वाद्यं अगदी सुरात होती. तार तारेच्या जागी, ठेका ठेक्याच्या जागी, सगळं स्वच्छ. बिघडलेल्या यंत्रात फक्त बाईचा आवाज बिघडत नाही.  टेप धडधाकट होता. तो तिचा आवाज होता.

मला भरून आलं आणि संतापही आला, कुणाचा ते कळेना. ताई मात्र हात पुसून खाली बसल्या आणि त्यांनी पहिली बाजू ऐकली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. आवाज खालच्या पट्टीतला, भरड पिठासारखा, मध्येच फाटणारा. पूर्वी ती जिथे वर जाऊन लोकांच्या टाळ्या घ्यायची तिथे आता जात नव्हती, अलीकडेच थांबून शब्द नीट ठेवत होती. दुसऱ्या बाजूला एक गाणं आहे, आईने झोपलेल्या मुलाला उठवावं की नाही एवढंच त्यात. ते मला आधीच्या आवाजात ऐकवलं नसतं. ताईंनी सगळं ऐकून टेप बंद केला आणि अत्तरसाहेबाचा मथळा उलटा करून ठेवला.

आमच्या मासिकाच्या व्यवस्थापक साहेबांनी आधी समजुतीने घेतलं. एका अक्षराचा तर प्रश्न आहे, म्हणाले, त्या 'च'चा. ताई म्हणाल्या, काढा मग. पण 'च' काढला तर 'तो आवाज' उरतो, आणि तो कुठला ते कुणालाच कळत नाही. अत्तरसाहेबाचं गणित वेगळं होतं. लोकांनी एकदा कॅसेट घरी नेली की झालं, म्हणाला, ऐकल्यावर काय वाटेल ते त्यांचं त्यांनी बघावं. त्याच्या या बोलण्यावर ताईंनी पान घडी करून पिशवीत घातलं, आणि त्या न भांडता उठल्या की मला भीती वाटते.

मी त्यांना जिन्यात गाठून म्हटलं, वन्सं, ही नसती उठाठेव आहे. त्यांचा माल, त्यांचं पान, आपण कोण? त्या म्हणाल्या, "तू कोण ते तुझं तू बघ. त्या पानावर प्रूफ बरोबर म्हणून सही तुझी होणार आहे." खोटं बोलत नव्हत्या. पान छपाईला जायचं तर शेवटची सही माझीच लागायची. मग मी चडफडत त्यांच्याबरोबर गायिकेच्या घरी गेले.

दार तिनेच उघडलं. फोटोतली ती आणि ही यांच्यात बरीच वर्षं होती. केस पिकलेले, अंगावर घरातले साधे कपडे, गळ्याभोवती घट्ट बांधलेला रुमाल. खोलीत एक पलंग, एक कपाट आणि भिंतीशी लावलेली सतरंजी, रियाजाची. ताईंनी पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने मथळा वाचला, फोटोकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, ठीक आहे, राहू द्या.

"राहू दिलं असतं," ताई म्हणाल्या. "पण मी कॅसेट ऐकली."

"मग?"

"आम्हाला वाटलं टेप बिघडला. आम्ही तो उघडून बसलो."

मी ताईंच्या दंडाला चिमटा काढला. माणसाने खरं बोलावं, पण त्यालाही काही वेळकाळ असते. गायिकेचा चेहरा उतरला. मग ती चिडली, आणि चिडून बोलताना तिचा आवाज आणखी फाटला. तुमचं काय गेलंय, म्हणाली, तुम्ही कात्री आणि डिंक घेऊन बसणाऱ्या. 'तोच' म्हटलं तर लोक निदान कॅसेट लावतील तरी. आवाज गेला असं छापलंत तर तेही करणार नाहीत.

ताई म्हणाल्या, गेला असं कोण छापतंय? पण तोच आहे म्हटलंत तर आम्ही केलं तेच घरोघर होईल. लोक आपापला टेप उघडतील, पट्टे बदलतील, आणि मग कॅसेट खराब निघाली म्हणून दुकानदाराच्या टेबलावर आपटतील. तुम्ही काय गायलात ते शेवटपर्यंत कुणी ऐकणारच नाही. जुन्या बाईला शोधता शोधता ही बाई वाया जाईल, आणि मला ही आवडली आहे.

 गायिका रुमालाच्या गाठीशी चाळा करत राहिली. मग तिने विचारलं, खरंच पट्टा बदलला? मी न राहवून म्हटलं, हो, आणि तुमच्यापायी मी निष्कारण मालकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यावर ती हसली. तिचं हसूही आता खालच्या पट्टीतलं होतं.

"कंपनीत सगळे म्हणतात, अगदी पहिल्यासारखं झालंय," ती म्हणाली. "पहिल्यासारखं करायला मी गेलेच नव्हते. हे त्यांना एकदाही कळलं नाही." मग तिने पान उलटं करून ताईंच्या पेनाने कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. ताईंनी दोन शब्द इकडचे तिकडे केले, तिने एक परत जागेवर आणला. माझ्यासमोर त्या दोघी भाजी निवडावी तशा ती ओळ निवडत होत्या. शेवटी झाली ती अशी:

'तुमचा टेप बिघडलेला नाही. हा माझाच आवाज आहे.'

प्रुफं वाचणाऱ्या बाईला अशा गोष्टी लगेच दिसतात. 'तोच'मधला 'च' ताईंनी उचलून 'माझा'ला नेऊन जोडला होता. बाकी काही नाही. गायिकेने खाली स्वतःचं नाव सही केल्यासारखं लिहिलं. जुना फोटो तिने परत दिला आणि म्हणाली, आताचा काढा. कचेरीतला छायाचित्रकार दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर गेला. रुमाल काढू का, असं तिने ताईंना विचारलं. उकडत असेल तर काढा, ताई म्हणाल्या. तिने काढला. गळ्यावरचा व्रण फोटोत स्पष्ट आला आणि तो कुणी पुसला नाही.

पान बघून अत्तरसाहेबाचा तोल गेला. तो ताईंना काय काय बोलला ते मी लिहिणार नाही, पण मी त्याला जे बोलले तेही छापण्याजोगं नव्हतं. मात्र फोटो छापायला गायिकेची परवानगी लागत होती, करारातच तसं होतं, आणि ती फोनवर एकच सांगत होती: हे पान नाहीतर माझा कुठलाच फोटो नाही. छपाई खोळंबली होती. शेवटचं पान कोरं सोडता येत नाही. त्याने सही केली, पेन टेबलावर फेकलं आणि गेला. अत्तराचा वास तेवढा मागे राहिला.

अंक निघाला. कॅसेट भरमसाट खपली असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण ताई शेजारीच बसल्या आहेत. बरी खपली. परत फार आल्या नाहीत. एका वाचकाने कळवलं की टेप ठीक असेल पण बाईंनी आता घरी बसावं. दुसऱ्या एकीने कळवलं की तिच्या सासूबाई, ज्या कुठलंच गाणं पुरं ऐकत नाहीत, त्यांनी ही दोन्ही बाजूंनी ऐकली आणि मग कॅसेट घेऊन आपल्या खोलीत गेल्या. ताईंनी दोन्ही पत्रं सारख्याच गंभीरपणे वाचली.

पण कंपनीच्या मालकांचं पित्त खवळलं होतं. आपल्या पैशाने आपल्याच मालाची अब्रू काढली, असं त्यांचं म्हणणं. वर्षभर जाहिरातींची पानं हवी असतील तर त्यांनी एक अट घातली. आमच्या मासिकात शेवटून दुसऱ्या पानावर एक छोटी चौकट असायची, 'चूकभूल' नावाची. मागच्या अंकातल्या चुका तिथे दुरुस्त करायच्या. ती चौकट माझ्याकडे होती. व्यवस्थापक साहेबांनी आम्हा दोघींना बोलावून मजकूर तयारच हातात ठेवला: मागील अंकातील अल्बमच्या जाहिरातीत अनवधानाने चुकीचा मथळा छापला गेला, तो 'तोच आवाज' असा वाचावा. चूक छपाईत झाली म्हणा, ते म्हणाले, म्हणजे कुणा एकीवर येणार नाही. दोघींच्या नोकऱ्या राहतील.

म्हणजे ती बाई गळ्यावरचा रुमाल काढून जे बोलली होती, ते आता छपाईची चूक ठरणार होतं. पुढच्या महिन्यात सगळ्या वाचकांना कळणार होतं की तिचं स्वतःचं वाक्यसुद्धा तिचं नव्हतं. ताई एवढंच म्हणाल्या की मी यावर सही करणार नाही. साहेब म्हणाले, तुमची नकोच आहे, यांची हवी आहे.

घरी गेल्यावर मला वाटलं होतं त्या मला पढवतील. तसं झालं नाही. चौकट तुझी आहे, म्हणाल्या, आणि घर तुझंही आहे, मी कशाला सांगू? नवरा म्हणाला, एका 'च'साठी दोन नोकऱ्या? मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. खरं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. महिन्याचा किराणा 'च'वर मिळत नाही, हे मलाही कळत होतं. पण मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि चूक नसलेल्या जागी चूक दाखवायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. त्याची मला चीड आली, आणि ती उतरेना.

त्या महिन्याची 'चूकभूल' मी स्वतः जुळवली आणि स्वतःच सही करून खाली छपाईला पाठवली. अंक छापून आला त्या दिवशी आमच्या दोघींची टेबलं गेली, हे वेगळं सांगायला नको. त्याआधी साहेबांनी आम्हाला आत बोलावलं, अंक उघडून ती चौकट समोर धरली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचली. तिच्यात एकच वाक्य होतं:

'मागील अंकाच्या शेवटच्या पानावरील जाहिरातीत एकही चूक नव्हती.'

हा आगाऊपणा कुणाचा, असं त्यांनी ताईंकडे बघत विचारलं. ताई उठायला लागल्या, त्यांना मी हाताला धरून खाली बसवलं.

"प्रुफावर सही माझी आहे, साहेब," मी म्हटलं. "आणि त्यात चूक सापडली तर मला दाखवा."